उरलेल्याचे वजन

बाबा कोणतीही वस्तू आधी उजव्या हातात घेतात, मग डाव्या, आणि त्यानंतरच तिच्याकडे पाहतात. एकतीस वर्षे टपालाच्या पार्सल-खिडकीमागे बसल्याची ही खूण. खिडकीतून आत आलेला डबा असो की शिवलेले गाठोडे, काट्यावर ठेवण्याआधी ते हातात तोलत आणि स्वतःशीच आकडा पुटपुटत. काटा नंतर जे दाखवी, ती बहुधा त्यांच्या आकड्याला डोलावलेली मान असे. आत काय आहे तेही ते सांगत. पुस्तके कोपऱ्यांनी बोलतात, काचसामान श्वास रोखून बसते, आणि कपडे बोलतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. बापाने वजन हाताने ओळखावे आणि मुलाने हातावर मुळीच विश्वास न ठेवता पितळी वजने मांडत बसावे, यात काहीतरी घराण्याचेच असावे. दुकानदारांचे बिघडलेले काटे आमच्या कारखान्यात येतात. मी ते उघडतो, पुसतो, आणि ते खरे बोलू लागेपर्यंत सोडत नाही. माणसांशी बोलणे मला जमत नाही. काट्याशी बोलावे लागत नाही, हा या कामाचा फार मोठा गुण आहे. माझी मोठी बहीण, ताई, मला घुम्या म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात एका ग्रॅमचाही फरक नाही.

गेल्या वर्षी बाबांना लांबलेला ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकातला वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल परत. कधी ते मी सांगू शकत नाही. तोवर पोटात अन्न गेलं पाहिजे."

ते जात नव्हते. आई जाऊन आठ वर्षे झाली होती. स्वयंपाक मीच करत असे, आणि तो कधीच फारसा बरा नव्हता, हे मान्य आहे. पण बाबा आता दोन घास घेऊन थांबत.

"काय झालं?"

"काही नाही. भात आहे. भातासारखा दिसतोय. समजलं."

"पण खा ना."

"पत्ता वाचून झालेलं पाकीट किती वेळ हातात धरून बसायचं?"

पार्सल-खिडकीने मोडीत काढलेला एक मोठा, जमिनीवर ठेवायचा काटा मी पूर्वी दुरुस्त करून घरी आणला होता. दर रविवारी सकाळी बाबा त्यावर उभे राहत. अडुसष्टचे चौसष्ट झाले, चौसष्टचे साठ, आणि एका रविवारी काटा साडेअठ्ठावन्नपाशी थबकला. छप्पन्नच्या खाली गेले तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावे लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते.

"नळीनं?" बाबा म्हणाले होते. "मी काय कुंडीतलं झाड आहे?"

आम्ही दोघेही हसलो होतो. पण त्या रविवारी मी काटा उगाचच उघडला, पुन्हा तपासला. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादा काटा खोटा निघावासा वाटत होता. तो खरा होता.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहते आणि दुरून संसार चालवण्यात तिचा हात धरणारे कुणी नाही.

"घुम्या, पगार तुझा चिमणीएवढा, आणि औषधांची बिलं हत्तीएवढी. ऐक माझं. एक ॲप आहे. बेकऱ्या, दुकानं, दिवसाचं उरलेलं संध्याकाळी पाकिटात भरून तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत देतात."

"आत काय असतं?"

"ते आधी कळत नाही. जे उरलं असेल ते."

"म्हणजे न बघता घ्यायचं?"

"लग्न नाही करायचं त्याच्याशी. पाव घ्यायचाय."

दोन गल्ल्या सोडून एक बेकरी होती. तिथल्या बाईंच्या चष्म्यावर नेहमी मैद्याची पुसट साय असे, आणि त्या काचेतून नव्हे, काचेवरून पाहत. मी फोन दाखवला. त्यांनी कागदी पिशवी पुढे केली. तोंड दुमडलेले, वर गोल चिकटपट्टी.

"आज गारठा आहे, नाही का हो?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. पुढे कित्येक आठवडे आमचे संभाषण याहून लांबले नाही.

घरी येऊन मी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. परतलो तेव्हा ती बाबांच्या उजव्या हातात होती. मग डाव्या.

"सातशे चाळीस," ते म्हणाले.

मी न बोलता ती स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवली. सातशे पस्तीस.

"कागद धरलास का?"

"कागदासकट आहे."

"मग पाच ग्रॅम तुझा काटा खातोय." त्यांनी पिशवी कानाजवळ नेऊन हळूच हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली एक बारीक रेघ उमटली. "एक लांबट आहे, कडक. दोन गोल, मऊ, एकमेकांना चिकटलेले. आणि तळाशी काहीतरी भुरभुरीत, वेगळ्या कागदात."

पट्टी फोडली. लांब पाव, दोन गोड बन, आणि कागदाच्या पुडीत बिस्किटांचे तुकडे.

"जिंकलो," बाबा म्हणाले, आणि बन उचलून त्याचा लचका तोडला.

नियम त्यांनी जागच्या जागी केला. जे ओळखले ते त्यांचे. जे चुकले ते माझे. आणि जिंकलेले ताटात टाकायचे नाही. एकतीस वर्षांत ज्या माणसाने हाती आलेला माल कधी कमी पोहोचू दिला नव्हता, तो जिंकलेल्या बनचा कणही मागे ठेवणार नव्हता. त्या रात्री त्यांनी सगळे संपवले आणि मी कालच्या भातावर भागवले. इतके चविष्ट शिळे अन्न मी पूर्वी खाल्ले नव्हते.

पुढे हे रोजचेच झाले. माझा खर्च निम्म्यावर आला, आणि बाबांना त्यात वेगळेच सुख होते. ते मूळचे काटकसरी. पार्सलांची सुतळी सोडवून, गुंडाळून जपणारे. वीस रुपयांची वस्तू सात रुपयांत मिळाली की ते ती दोनदा जिंकत.

एकच अडचण होती. खाताना ते माझ्याकडे पाहून विचारत, "कसं लागतंय?"

मी पुरता गडबडून जाई. "चांगलं."

"चांगलं म्हणजे? वजन किती विचारलं तर 'जड' म्हणशील का?"

त्यांना चव हवी होती, आणि ती आता माझ्या तोंडून जायला हवी होती. पण माझ्या तोंडातून शब्द निघत नाहीत. निघतात ते बोटांतून, आणि तेही कुणी पाहत नसेल तर. त्या ॲपमध्ये प्रत्येक पाकिटाखाली अभिप्राय लिहायची जागा होती. मी तिथे लिहू लागलो. टेबलाच्या एका बाजूला मी फोनवर लिहीत असे, आणि दुसऱ्या बाजूला बाबा आपल्या फोनवर तो अभिप्राय वाचत वाचत चावत असत. बाहेरच्या कुणी पाहिले असते तर बापलेकांत अबोला आहे असेच म्हटले असते.

अक्रोडाच्या केकविषयी मी लिहिले, "याचे वरचे कवच आधी दातांना विरोध करते, मग समजूत पटल्यासारखे विरघळते, आणि शेवटी अक्रोडाची किंचित कडू आठवण मागे राहते."

बाबांनी घास गालात धरून थोडा वेळ विचार केला. "समजूत पटली म्हणतोस? थांब. हं. पटतेय."

सही म्हणून मी 'एक ग्राहक' इतकेच लिहीत असे. साडेअठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले, मग साठ, मग एका रविवारी एकसष्ट आणि वर तीनशे ग्रॅम. मी तो आकडा वाचताना आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला.

"पाच ग्रॅम काटा खातो, ते धर," बाबा काट्यावरून उतरत म्हणाले.

आणि मग पाकिटे बंद झाली. सोमवारी ॲपवर बेकरीच्या नावापुढे लिहिले होते, 'आज काही उरले नाही.' मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. बाबा पुन्हा दोन घासांवर आले. मी जवळपासची इतर दुकानेही पाहिली. पण तिथे डबाबंद वस्तू, पारदर्शक पिशव्या. पत्ता वाचून झालेली पाकिटे.

बुधवारी संध्याकाळी मी मनाचा हिय्या केला आणि विचारायला गेलो. बेकरीत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"आता… उरत नाही का?" मी विचारले. माझ्या मते ते भाषणच होते.

"अहो, काय सांगू तुम्हाला!" बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "पाचच्या आत फळ्या रिकाम्या! कुणीतरी 'एक ग्राहक' आहे, ॲपवर लिहितो. लोक फोन नाचवत येतात नि विचारतात, 'तो समजूत पटणारा केक कुठला?' वीस वर्षं करतेय मी तो केक. मला कधी कळलं नाही, तो कुणाची समजूत घालतो म्हणून. भेटला ना तो माणूस, तर हात जोडीन मी त्याला."

"हो," मी म्हणालो. माझे कान तापले होते. मागे उभी असलेली एक आजी म्हणाली, "पुढे सरका हो, समजूत पटली असेल तर," आणि सगळे दुकान हसले.

घरी जाताना मला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या, आणि त्या एकाच पारड्यात बसत नव्हत्या. माझे शब्द कुणीतरी वाचले होते, त्यांनी कुणाचे तरी भले झाले होते. आणि त्याच शब्दांनी मी बाबांच्या ताटावर धोंडा टाकला होता.

मी जे केले ते मला त्या वेळी फार सोपे वाटले. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी बेकरीत जाऊन पूर्ण किमतीत चार वस्तू घेतल्या. जुन्या पाकिटांपैकी एक स्वच्छ पाकीट निवडले, कारखान्यात ते भरले, तोंड दुमडले, वर गोल पट्टी लावली. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. बाबांना मी सांगितले की पुन्हा उरू लागले आहे. गुरुवारी त्यांनी चारही ओळखले. शुक्रवारीही. खाल्लेही सगळे, पण जरा सावकाश; आणि 'जिंकलो' म्हणाले नाहीत.

शनिवारी त्यांनी पाकीट उजव्या हातात घेतले, मग डाव्या हातात, मग पुन्हा उजव्या. कानाजवळ नेलेच नाही.

"एक किलो," ते म्हणाले.

मी ताटे मांडू लागलो.

"काल किती होतं?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. एक किलो. परवा एक किलो. वर नाही, खाली नाही. एकतीस वर्षांत मला एकसारखी तीन पार्सलं आली ती फक्त पितळी वजनांच्या कारखान्यातून." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले. "अरे, उरलेलं कधी मोजून उरतं का?"

मला तेव्हा ते दिसले. भरताना मी प्रत्येक वेळी पाकीट काट्यावर ठेवले होते. कमी वाटले तर एक बन वाढवला होता, जास्त झाले तर बिस्कीट काढले होते. का, ते मला ठाऊक नाही. माझ्या हातांना काटा बरोबर आकड्यावर थांबलेला पाहिल्याशिवाय कामातून उठता येत नाही. दुसरा कुठलाही खोटारडा इतका काटेकोर नसता, आणि दुसऱ्या कुठल्याही बापाला ते कळले नसते.

"आणि आतही सगळं माझ्या आवडीचं. दुकानात नको असलेलं उरतं, बाबा. हवं असलेलं नाही." रागावले की ते मलाच 'बाबा' म्हणतात. "पूर्ण किंमत दिलीस?"

"हो."

"तिन्ही दिवस?"

"हो."

त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवले. "तू खा," ते म्हणाले. "मला ओळखायला काही उरलं नाही." आणि उठून खिडकीपाशी जाऊन बसले.

रविवारी सकाळी मी काटा पुसून ठेवला. ते त्याला वळसा घालून गेले. "आज नको."

तो दिवस मला साडेअठ्ठावन्नच्या रविवारापेक्षाही जड गेला. तेव्हा निदान आकडा होता.

सोमवारी मी कामावरून आलो तर दार बाहेरून बंद होते. तापानंतर बाबा एकदाही जिना उतरले नव्हते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी माझ्या किल्लीने कुलूप उघडले. आत टेबलावर पार्सलाच्या चिठ्ठीवर, टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते, 'आलोच.' पण किती वाजता गेले, ते नव्हते. मी ताईला फोन लावला. तो व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मी जिन्याकडे धावलो आणि तोच खालून एकेक पायरी मोजल्यासारखे पाऊल ऐकू आले.

बाबा वर येत होते. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात पिशवी, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि त्यातून ताईचा आवाज जिनाभर घुमत होता. "पोचलात का? बसलात का? आधी बसा, मग सांगा!"

"पोचलो गं. तुझा घुम्या समोर उभा आहे, भूत पाहिल्यासारखा. ठेवतो." ते खुर्चीत बसले, धापा टाकत, पण त्या धापांमागे चेहरा उजळलेला होता. "ॲपवर मला नुसतं वाचता येत होतं, घ्यायचं कसं ते ताईनं शिकवलं. दोनदा ओरडली, एकदा रडली. तिच्यापेक्षा ते ॲप बरं, नुसतं टुणकन वाजतं."

"कुठे गेला होतात तुम्ही?"

"आधी बेकरीत. बाईला विचारलं, रोज टाकून काय देता? म्हणाली, काही नाही, त्या 'एक ग्राहक'मुळे सगळं खपतं. म्हटलं, पाव कापता तेव्हा दोन्हीकडची टोकं? केकच्या कडा? म्हणाली, इश्श, त्या कोण घेणार! म्हटलं, मी. उद्यापासून एक पाकीट टोकांचं. जे पडेल ते, न मोजता. किंमतही टोकाएवढीच." ते जरा थांबले. "आणि तो 'एक ग्राहक' म्हणजे रोज संध्याकाळी पाकीट न्यायला येणारा माझाच मुलगा, तेही सांगून टाकलं."

"बाबा!"

"ती म्हणाली, 'कोण, तो? जो नुसता 'हो' म्हणतो तो?' मग खूप हसली. मैद्याचा हात कपाळाला लावून हसली. पण एक अट आहे. टोकांबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. ही तिची नाही, माझी अट. नाहीतर उद्या लोक टोकंही पळवतील. काय ते मला तोंडानं सांगायचं."

"मला नाही जमत तोंडानं."

"मला तरी जिना कुठे जमत होता?"

त्यांनी आणलेली पिशवी टेबलावर माझ्यासमोर सरकवली. जाड खाकी कागद, आणि त्यावर त्यांच्या जुन्या सुतळीची आडवी-उभी बांधणी, मधोमध टपालाची ती घट्ट चपटी गाठ. जाताना ती सुतळी ते खिशात घालून गेले असणार.

"बेकरीच्या पुढे फळवाला आहे. तोही ॲपवर आहे. काय निघालं ते मी पाहिलंय आणि बांधलंय. आता तू ओळख. नियम तोच. ओळखलंस तर तुझं, चुकलास तर माझं. काटा आणायचा नाही. हातानं."

मी पिशवी उजव्या हातात घेतली. मग डाव्या. किलोच्या आसपास असावी. खाली की वर, हे मला खरोखर कळले नाही. आतले गोल गोल काहीतरी एकमेकांवरून आळसावल्यासारखे सरकले. बाबा पुढे झुकून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. ज्याने गाठ नीट बांधली आहे आणि आत काय आहे ते कुणालाही दिसणार नाही याची ज्याला खात्री आहे, अशा माणसाच्या विश्वासाने.

आणि खोली पेरूच्या वासाने भरून गेली होती. जास्त पिकलेल्या, देठापाशी मऊ पडलेल्या पेरूंचा तो दाट, गोड, दडवता न येणारा वास जिन्यातूनच त्यांच्याबरोबर वर आला होता. तो खाकी कागदाला जुमानत नव्हता, सुतळीला जुमानत नव्हता. सबंध इमारतीला कळले असेल त्या पिशवीत काय आहे. कळले नव्हते ते एकट्या बाबांना, की ते आम्हाला कळते आहे.

मी पिशवी कानाजवळ नेली. हलवली. डोळे मिटले. इतका वेळ लावला की त्यांनी टेबलावर बोटे वाजवायला सुरुवात केली.

"बटाटे," मी म्हणालो.

"बटाटे!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "फळवाल्याकडे बटाटे? वजनकाटे तपासतोस म्हणे! अरे, एकतीस वर्षं मी घरी काय हात हलवत येत होतो का? काहीच नाही उचललंस तू माझ्याकडून." ते सुतळी सोडवू लागले, कापली नाही, नखाने गाठ सैल करून, गुंडाळून खिशात ठेवली. मग त्यांनी एक पेरू काढला, उजव्या हातात तोलला, डाव्या हातात तोलला, आणि चावा घेतला.

"कसं लागतंय, ते सांग," भरल्या तोंडाने ते म्हणाले. "तू नुसता वास घे आणि सांग. खायचं नाही. हरलायस."

मी खुर्ची जवळ ओढली. पहिला शब्द यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांनी दुसरा पेरू उचलला होता.